बीपी सांभाळायचं तर सिस्टरचं टेबल सांभाळा

बीपीची गोळी डॉक्टर लिहून देतात. ती सहा महिन्यांनंतरही रोज पोटात जाते का, हे ठरतं ओपीडीच्या दाराबाहेरच्या टेबलावर. एक सिस्टर, बीपीचं मशीन, रजिस्टर आणि समोर रांग. सुरगाण्याकडचं प्राथमिक आरोग्य केंद्र असो, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातला एनसीडी (बीपी, मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांचा) कक्ष असो की नाशिक शहरातला महापालिकेचा दवाखाना, चित्र थोड्याफार फरकाने हेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात भारतातल्या ३० ते ७९ वयाच्या उच्च रक्तदाबाच्या लोकांचा अंदाज सुमारे १८ कोटी ८० लाख आहे. त्यातल्या जेमतेम १५ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे. औषधं दुर्मिळ नाहीत, महागही नाहीत. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या तीन नावांवर बहुतेकांचं भागतं आणि सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. तरी गाडी अडते, ती मुख्यतः दोन जागी. आकडा चुकीचा नोंदला जातो आणि माणूस उपचारातून मधूनच गळतो. दोन्ही जागा नर्सच्या हातातल्या आहेत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायचं.

आधी मोजणं. बीपी बघणं हे दवाखान्यातलं सगळ्यात सोपं काम समजतात आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पेशंट एसटीतून उतरून, स्टँडवरून चालत आलेला असतो. तो खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पट्टा बांधला की जो आकडा येईल तो त्या चालण्याचा. पाच मिनिटं बसू द्यायलाच हवं. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू, मिश्री झाली आहे का, हे विचारायचं. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगायचं, कारण तुंबलेल्या लघवीनेही आकडा चढतो. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. स्टुलावर बसवून बीपी घेऊ नका. पाठीला आधार नसला की अंगाचे स्नायू ताणलेले राहतात आणि जास्तीचे पाच-सहा आकडे त्याचेच असतात.

हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीला. हे सांगून सगळे कंटाळतात, पण हिशोब साधा आहे. दंड हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असेल तर आकडा सुमारे ८ ने जास्त येतो. १३६ चा माणूस १४४ होतो आणि त्याला जन्मभराची गोळी लागते. टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी घातलेली चादर ठेवा.

पट्ट्याचं माप ही दुसरी मोठी गोष्ट. पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवी. दंडाचा घेर २७ ते ३४ सेंटीमीटर असेल तर नेहमीचा पट्टा, ३५ ते ४४ ला मोठा, २२ ते २६ ला लहान. शिंप्याची टेप टेबलाच्या खणात ठेवली की प्रश्न सुटतो. लहान पट्टा जाड दंडावर ओढूनताणून बांधला तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. सडपातळ, वाळलेल्या दंडावर मोठा पट्टा बांधला तर खोटं कमी दिसतं. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या कित्येक बायकांचे दंड २४-२५ सेंटीमीटरचे असतात आणि टेबलावर पट्टा मात्र एकच असतो. लहान पट्टा मागवून घ्या, तोंडी नको, लेखी मागवा.

पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, कोपराच्या खळगीच्या दोन-तीन सेंटीमीटर वर. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती उतरतो ते सगळ्यांना माहीत आहे. अशा दिवसांत लोक स्वेटरवर स्वेटर घालून येतात, आणि बाही वर सरकवली की ती दंडाला दोरीसारखी आवळते. पूर्ण हात बाहेर काढायला सांगा. बायकांसाठी एक पडदा आणि दोन मिनिटं ठेवा. थंडीत बीपी तसंही थोडं चढतं, त्यात घट्ट बाहीची भर नको.

आता हाताच्या मशीनवर मोजण्याची रीत. आधी स्टेथो कानाला लावायचाच नाही. मनगटाची नाडी बोटांनी धरायची आणि हवा भरत जायची. नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेवायचा, हवा पूर्ण सोडायची, अर्धा मिनिट थांबायचं. मग स्टेथो कोपराच्या आतल्या बाजूच्या धमनीवर ठेवून त्या आकड्याच्या ३० वरपर्यंत हवा भरायची आणि सेकंदाला २ मिलिमीटर या वेगाने सोडायची. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज पूर्ण बंद झाला तो खालचा.

नाडी धरण्याची पायरी घाईत गाळली जाते, तिचं कारण एकदा नीट समजून घ्या. काही जणांत, विशेषतः म्हाताऱ्या आणि जुन्या बीपीच्या पेशंटमध्ये, ठोके मध्येच गायब होतात आणि खाली पुन्हा सुरू होतात. समजा खरा वरचा आकडा १९० आहे, १७० ला आवाज थांबला आणि १५० ला परत आला. सिस्टरने सवयीने १६० पर्यंतच हवा भरली तर तिला पहिला ठोका १५० ला ऐकू येईल आणि केसपेपरवर १५० लिहिलं जाईल. ४० आकड्यांची चूक, तीही पक्षाघाताचा धोका सगळ्यात जास्त असलेल्या माणसात. नाडी धरली असती तर ती १९० पर्यंत लागली असती.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. दोन आकड्यांत १० पेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा, आणि शेवटच्या दोनांची सरासरी लिहा. मोजताना कुणी बोलायचं नाही, पेशंटही नाही, सिस्टरही नाही. "बाबा, शेतात काय लावलंय?" हा प्रश्न प्रेमाचा, पण तो पट्टा सुटल्यावर. बोलताना बीपी सहज दहाने चढतं.

रजिस्टर उघडून बघा. १२०/८०, १३०/९०, १४०/९० अशा शून्यावर संपणाऱ्या आकड्यांची ओळ दिसली तर समजावं की सुईकडे कुणी नीट बघितलेलं नाही. सुईच्या मशीनवर आकडा २-२ च्या फरकाने वाचायचा असतो: १३८, १४२, १४६. १३८ आणि १४२ या दोघांना १४० करून टाकलं की दोघांतला फरक पुसला जातो आणि पहिल्याला नको ते औषध लागतं.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं बीपी घ्या. ज्या हातात जास्त, तो हात कार्डावर लिहून पुढे कायम तोच वापरा. फरक पुन्हा पुन्हा २० च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, धमनीत अडथळा असू शकतो. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा केलेला जोड) असलेल्या हाताला किंवा स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला पट्टा लावायचा नाही. साठीच्या पुढचे, मधुमेहाचे आणि चक्कर येते म्हणणारे यांचं बीपी उभं करूनही घ्यायचं, उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर तसं केसपेपरवर लिहा. अशा आजींना डोस वाढवून दिला तर त्या रात्री मोरीकडे जाताना पडतात आणि मांडीचं हाड मोडून घेतात.

मशीनबद्दल थोडक्यात. सुईचं मशीन हवा काढल्यावर शून्यावर बसलंच पाहिजे, आणि सहा महिन्यांतून एकदा त्याची तपासणी हवी. नळीला चिरा गेल्या की हवा आपोआप सुटते आणि आकडा पकडताच येत नाही. बॅटरीचं मशीन चांगलं, पण नाडी अनियमित असेल तर त्याचा भरवसा धरू नका, हाताने दोन-तीनदा मोजा. मनगटावर बांधायची मशीनं घरीही नकोत.

आकडा बरोबर आला, आता त्याचं काय करायचं? वेगवेगळ्या दिवशी दोनदा १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं की उच्च रक्तदाब म्हणतात. पहिल्याच दिवशी १८०/११० असेल तर दुसऱ्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांसमोर न्यायचं. उपचार सुरू झाल्यावर साधारण १४०/९० च्या खाली राहणं हे उद्दिष्ट, आणि मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर १३०/८० च्या आसपास.

औषध सुरू करणं डॉक्टरांचं काम. त्यानंतर बीपी स्थिर असलेल्या माणसाला दर महिन्याची गोळी देण्यासाठी प्रत्येक वेळी डॉक्टर लागत नाहीत. नोव्हेंबर २०१७ मध्ये इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह ही बीपी आटोक्यात आणण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली औषधं, ठरलेल्या पायऱ्या आणि नर्ससह सगळ्या टीमने वाटून घेतलेलं काम हा तिचा गाभा. आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्रातही समुदाय आरोग्य अधिकारी आणि एएनएम (उपकेंद्रातल्या नर्सताई) मोजतात, नोंदवतात, गोळ्या देतात. घाट उतरून तालुक्याला यायचे दोन तास वाचले की महिन्याची खेप चुकत नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. पेशंट महिन्याने आला, बीपी १५८/९६. डॉक्टरांकडे नुसता आकडा गेला तर ते रीतसर औषधाची एक पायरी वाढवतील. म्हणून आकड्याशेजारी सिस्टरने आणखी चार गोष्टी लिहायला हव्यात. पहिली, गोळ्या किती उरल्या. "गोळ्या घेता ना?" असं विचारलं की उत्तर "हो" असतं, कारण सिस्टर रागावतील ही भीती. त्याऐवजी, "मावशी, गेल्या सात दिवसांत कितीदा राहून गेली?" असं विचारा आणि रिकामं पाकीट घेऊन यायला सांगा. ३० दिल्या होत्या, ३० दिवसांनी ९ शिल्लक. बीपी का वाढलं ते पाकिटानेच सांगितलं. अशा वेळी औषध वाढवलं आणि घरच्यांनी धाकाने सगळं नियमित घ्यायला लावलं, तर बीपी एकदम खाली येऊन चक्कर ठरलेली.

दुसरी, दुखण्याच्या गोळ्या. द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून काम करणाऱ्यांचे खांदे आणि मान दुखतात, कांदा काढणाऱ्यांची कंबर धरते. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक घेतली जाते, कधी रोज. ती अंगात मीठ-पाणी धरून ठेवते, बीपी चढवते, आणि टेल्मिसार्टन व लघवीच्या गोळीबरोबर (म्हणजे क्लोरथॅलिडोन) पोटात गेली तर मूत्रपिंडावर ताण येतो. "दुखण्यावर काय घेता?" हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, कारण ते औषध आहे असं कुणी मानतच नाही. तिसरी, तंबाखू, मिश्री, दारू. चौथी, त्रास झाला म्हणून स्वतःच बंद केली का.

त्रासांची माहिती आधीच दिली तर निम्मे लोक औषध सोडत नाहीत असं माझं ठाम मत आहे. ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते, विशेषतः १० मिलिग्रॅमच्या डोसला. ती किडनी बिघडल्याची खूण नव्हे, पण दाखवायला या. एनालाप्रिल या बीपीच्या गोळीने कोरडा खोकला येऊ शकतो, औषध बदलता येतं, कफ सिरप पीत बसू नका. क्लोरथॅलिडोन सकाळी घ्यायची, रात्री घेतली तर झोपेतून उठावं लागतं. पायात गोळे आले, फार थकवा आला तर रक्त तपासायला लागतं, सोडियम-पोटॅशियम उतरलेलं असू शकतं. टेल्मिसार्टनवर असलेल्यांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम अधूनमधून बघावं लागतं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या की या शेवटच्या दोन गोळ्या घेत राहायच्या का हे त्याच दिवशी विचारायचं. ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडीन ही बीपीची गोळी चालू असेल तर ती एकाएकी थांबवायची नाही. गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

आणि "बीपी नॉर्मल आलं, आता बंद करू का?" हा प्रश्न. याचं उत्तर एका वाक्यात द्या: गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आहे. लगेच पुढची तारीख सांगा.

मिठाबद्दल "कमी खा" सांगून काही होत नाही, घरातल्या पुड्याचा हिशोब विचारा. प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. चार माणसांचं घर म्हणजे दिवसाला २० ग्रॅम, महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोचा पुडा पन्नास दिवस तरी पुरला पाहिजे. तो महिन्यात संपत असेल तर माणशी ८ ग्रॅम झालं, आणि त्यात पापड, लोणचं, चिवडा, फरसाण, सुकट धरलेली नाही. मिसळीवरचं फरसाण, तिखट रस्सा आणि शिवाय मिठाची वाटी, हे नाशिकमध्ये रविवार सकाळचं सुख आहे. ते बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. फरसाण अर्धं, रस्सा दुसऱ्यांदा नको, वरून मीठ नको, एवढं मान्य होतं. भाकरीच्या पिठात आणि भातात मीठ घालायचं थांबवलं तरी काही आठवड्यांत जीभ सरावते. पापडखारातही सोडियम असतं आणि सैंधवही मीठच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनवर असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय सुरू करू नये.

इथल्या वर्षाचा फेरा डोळ्यासमोर ठेवला नाही तर पेशंट हातचे जातात. पावसाळा संपला की पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला जातात. छाटणीपासून काढणीपर्यंत गावात घराला कुलूप. सप्टेंबरच्या भेटीतच विचारा, "दादा, कामाला कुठे जाणार? कधी निघणार?" बीपी स्थिर असेल तर डॉक्टरांना सांगून दोन महिन्यांच्या गोळ्या द्या, कार्डावर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम ठळक लिहा, आणि बागेजवळचं आरोग्य केंद्र कोणतं ते सांगा. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना "रोज सकाळी" ही सूचना निरुपयोगी आहे. रात्रपाळी संपली की त्यांची सकाळ झोपेची. त्यांची गोळी डब्याला बांधा: दिवसातलं पहिलं जेवण, मग ते कधीही असो. उपासाला पाण्याबरोबर गोळी चालते, हे नवरात्रात, एकादशीला आणि श्रावणात मुद्दाम सांगावं लागतं, विशेषतः वणीच्या गडावर पायी जाणाऱ्यांना. रोजाच्या महिन्यात दिवसातून एकदाची गोळी बहुतेकांना इफ्तारनंतर घेता येते, पण लघवीच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी आधी बोलून घ्यायचं. एप्रिल-मेमध्ये मालेगावचा उन्हाळा, शेतातलं काम आणि लघवीची गोळी एकत्र आली की अंगातलं पाणी आटून बीपी पडू शकतं. अशा दिवसांत चक्कर म्हणणाऱ्याला उभं करून मोजा.

गरोदर बायांचं वेगळं. १४०/९० आलं की त्याच दिवशी लघवीतलं प्रोटीन बघायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. १६०/११० किंवा डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात दुखणं असेल तर थेट रुग्णालय. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन गर्भाला घातक आहेत, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईला पाळी चुकली का हे दर भेटीत विचारायचं.

१८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं, हातपाय लुळा, बोलणं अडखळणं, गोंधळ, दिसेनासं होणं यांपैकी काही असेल तर १०८ बोलवा. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ चिठ्ठीवर लिहून द्या, पक्षाघातात पुढचे निर्णय त्या वेळेवर होतात. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची जुनी सवय सोडून द्या; बीपी झपकन पडतं आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. काहीच लक्षण नसेल तर शांत बसवून पुन्हा मोजा, गोळ्या चुकल्यात का बघा, आणि त्याच दिवशी डॉक्टरांची भेट करून द्या.

राहिले ते गळालेले. कार्डं पुढच्या भेटीच्या तारखेप्रमाणे लावली, आडनावाप्रमाणे नको, तर कोण आलं नाही हे शोधायला मिनिटही लागत नाही. आठवड्यातून एक ठरावीक दिवस ही यादी काढा. तारीख उलटून आठवडा झाला की फोन. फोन लागला नाही तर आशाताईंकडे नाव द्या, त्यांना घर माहीत असतं आणि माणूस कुठे गेला हेही. मागच्या वेळी १६० च्या वर असलेल्यांची नावं सगळ्यात आधी. न येण्याचं कारण कार्डावर लिहा: स्थलांतर, गोळ्या संपल्या होत्या, बरं वाटलं, सूज आली, दुसरीकडे औषध सुरू, मृत्यू. दोन-तीन महिन्यांची कारणं एकत्र बघितली की दोष साठ्याचा, वेळेचा की समजावण्याचा ते कळतं, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे नेमकी मागणी करता येते.

तो परत आला की रागवायचं नाही. "आलात ते बरं झालं बाबा, बसा" म्हणून पाच मिनिटं बसवायचं आणि मोजायचं. औषध काही महिने बंद असेल तर जुनी चिठ्ठी बघून तिन्ही गोळ्या हातात ठेवू नका. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या, ते पुन्हा पायरी-पायरीने सुरू करतील. रक्त तपासायचं असेल तर त्याच फेरीत घ्या, पुढची तारीख बाजाराच्या दिवसाची द्या म्हणजे एका भाड्यात दोन कामं होतील, आणि फोन नंबर अजून तोच आहे का ते विचारून कार्डावर पुन्हा लिहा.